श्वानांतील ॲलर्जी (सोलापूर परिसराच्या संदर्भात)

श्वानांतील ॲलर्जी (अधिहर्षता) : एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाविरुद्ध कुत्र्याच्या प्रतिकारसंस्थेने दिलेली अतिरिक्त प्रतिक्रिया. माणसाप्रमाणे शिंका व दमा ही तिची प्रमुख रूपे नसून ती मुख्यतः त्वचेवर, खाजेच्या रूपाने प्रकट होते. पिसवांची लाळ, अन्नातील प्रथिने आणि परिसरातील धूळमाइट (घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म जीव), परागकण व बुरशी ही तिची मुख्य कारणे होत. परिसरातील घटकांमुळे होणाऱ्या दीर्घकालीन विकाराला ॲटोपिक त्वचादाह किंवा थोडक्यात ॲटोपी म्हणतात.

कुत्र्यातील ॲटोपीची पहिली तपशीलवार नोंद सामान्यतः अमेरिकन ॲलर्जीतज्ज्ञ विटिच यांची (१९४१) मानली जाते. त्यांनी वर्णिलेल्या कुत्र्यात परागज्वरासारखी लक्षणे होती. कदाचित त्यामुळेच ॲलर्जी घडवणारे परिसरातील घटक श्वासावाटे शरीरात जातात, हे मत पुढे कित्येक दशके टिकले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र ते त्वचेतूनच प्रवेश करतात, हा पक्ष बळावला. व्रण विरळ केसांच्या व जमिनीला टेकणाऱ्या भागांवर अधिक दिसतात, आणि संवेदनशील कुत्र्यांच्या त्वचेवर धूळमाइट लावल्यास तेथे दाह उद्भवतो, हे त्याचे आधार असून तोच अधिक ग्राह्य वाटतो. त्वचेचा संरक्षक अडसर आधी दुबळा होतो की दाहामुळे तो नंतर ढासळतो, याविषयी मतैक्य नाही. दोन्ही प्रक्रिया परस्परांना वाढवत असाव्यात. खाज निर्माण करण्यात इंटरल्यूकिन-३१ या प्रथिनाचा वाटा आता सर्वमान्य आहे.

ॲटोपी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. पंजे सतत चाटणे, तोंड घासणे, काखा व जांघा लाल होणे, कान वारंवार पिकणे ही तिची लक्षणे होत. शेपटीच्या मुळाशी व कमरेवर खाज असल्यास प्रथम पिसवांचा संशय घ्यावा. सोलापूर भागातील कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्यांच्या आखूड केसांत लाली लवकर नजरेस येते. खरूज, गजकर्ण व जंतुसंसर्ग वगळल्याशिवाय ॲलर्जीचे निदान करू नये. रक्तचाचणी निदानासाठी नसून लसोपचारातील (ॲलर्जीकारक घटक अल्प मात्रेत देऊन सहनशीलता वाढवण्याच्या उपचारातील) घटक निवडण्यासाठी असते.

अन्नाची ॲलर्जी नवीन खाद्यानेच होते, हा समज चुकीचा आहे. ती पूर्वी खाल्लेल्या पदार्थाची असते, म्हणून भाकरी-दुधावर वाढलेल्या कुत्र्यात दुधाचाही विचार करावा लागतो. गोमांस, दुग्धपदार्थ, कोंबडी व गहू हे वारंवार आढळणारे कारक आहेत. पूर्वी कधीही न दिलेले प्रथिन सुमारे आठ आठवडे एकट्याने देऊन, नंतर जुना आहार पुन्हा सुरू करून लक्षणे परततात का हे पाहणे, हीच विश्वसनीय परीक्षा होय. या काळात शेजाऱ्याने दिलेला बिस्किटाचा तुकडाही ती निष्फळ करू शकतो.

पिसवांची अंडी, अळ्या व कोश कुत्र्याच्या अंगापेक्षा अंथरुणात अधिक असतात. त्यामुळे कुत्र्याच्या औषधाबरोबरच त्याची चादर, गोधडी किंवा पोते गरम पाण्यात धुणे आवश्यक ठरते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्यावरील अळ्या तग धरत नाहीत, परंतु पावसाळ्यात व नंतर त्यांची वाढ होते. घरातील सावलीत मात्र त्या एरवीही टिकतात, म्हणून प्रतिबंध वर्षभर ठेवावा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड खाज झपाट्याने कमी करते, पण दीर्घकाळ देणे घातक असते. ऑक्लासिटिनिब हे खाज कमी करणारे औषध एक वर्षाखालील पिलांना देत नाहीत. लोकिवेटमॅब हे इंटरल्यूकिन-३१ ला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड इंजेक्शनाने देतात. लसोपचाराचा परिणाम ठरवण्यास वर्षभर लागू शकते. काही ठिकाणी खाजेवर जळके इंजिन ऑइल चोळतात. ते त्वचा भाजते आणि चाटण्यावाटे पोटात जाते, म्हणून ते कटाक्षाने टाळावे.

मधमाशी वा गांधीलमाशी चावल्यावर अचानक तोंड सुजणे, उलटी, जुलाब किंवा कोसळणे ही तीव्र प्रतिक्रियेची चिन्हे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता कुत्र्याला तात्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे, कारण ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळणे निर्णायक असते.