खेळावर अमेरिकेत ॲडमिशन: कागदपत्रं नववीपासून जपा

आधी आपल्याकडचा स्पोर्ट्स कोटा डोक्यातून काढा. इथं सर्टिफिकेट जोडलं की राखीव जागेसाठी अर्ज होतो. तिथं कोच स्वतः पोरं हेरतो आणि ॲडमिशन ऑफिसला नावं देतो, त्यामुळे स्टेटचं मेडल असलं तरी त्याला तुमच्यासारखा प्लेयर नको असेल तर विषय संपला.

एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज स्पोर्ट्सची मोठी संघटना, तिचे डिव्हिजन वन, टू, थ्री असे तीन स्तर. त्यातल्या वन किंवा टूमध्ये खेळायचं तर त्यांच्या एलिजिबिलिटी सेंटरवर रजिस्ट्रेशन लागतं. नववी ते बारावीत 16 कोअर कोर्स (मुख्य अभ्यासाचे विषय), जीपीए म्हणजे त्यातल्या ग्रेडची सरासरी वनला किमान 2.3, टूला 2.2. त्यात मॅथ्स वनला तीन वर्षांचं हवं, टूला दोन, म्हणजे अकरावीला कॉमर्स घेऊन मॅथ्स सोडायच्या आधी हे तपासा, नंतर रडून उपयोग नाही. एसएटी ही ॲडमिशनची टेस्ट एनसीएएला 2023 पासून लागत नाही, कॉलेज मात्र मागू शकतं. स्क्वॉशवाल्यांनो, तुमचा खेळ एनसीएएत नाहीच, त्याची असोसिएशन वेगळी.

कागदपत्रांत दहावी-बारावीची बोर्डाची मार्कशीट सगळे जपतात, नववीचा रिझल्ट मात्र रद्दीत जातो आणि तोच इथं लागतो! शाळेतून शिक्क्याची कॉपी आत्ताच घेऊन ठेवा. कुठल्या टूर्नामेंट खेळलात, बक्षिसाचे पैसे किती, एजंटशी करार केला का, हेही फॉर्ममध्ये विचारतात, तेव्हा पावत्या ठेवा.

कोचला मेल आणि मॅचचा व्हिडिओ स्वतः पाठवा. बऱ्याच खेळांत डिव्हिजन वनचा कोच दहावीनंतरच्या 15 जूनआधी रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे टीमसाठी निवडण्याबद्दल, बोलूच शकत नाही, त्यामुळे उत्तर नाही आलं म्हणून लगेच हिरमुसू नका. पैशाचं म्हणाल तर आयव्ही लीगची (हार्वर्ड, येलसारखी नावाजलेली) आठही कॉलेजं आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, घरची परिस्थिती बघून मदत देतात.

आता हे फेअर आहे का? हार्वर्डवरच्या कोर्टकेसमध्ये बाहेर आलं की रिक्रूट केलेल्या खेळाडूंपैकी साधारण 86 टक्के पोरांना ॲडमिशन मिळते. शिवाय रोइंग, फेन्सिंग, स्क्वॉश हे पैसेवाल्यांचे खेळ, आपल्या खो-खो कबड्डीवाल्याला तिथं दारच नाही. 2019 मध्ये तर रिक सिंगर नावाच्या कन्सल्टंटचं रॅकेट उघडं पडलं, कधी न खेळलेल्या मुलांचे खेळाडूंच्या अंगावर चेहरे चिकटवलेले फोटो, कोचना लाच, शेवटी सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा. म्हणून 'प्रोफाइल आम्ही बनवतो, तुम्ही फक्त फी भरा' म्हणणारा कुणी भेटला तर कोचशी झालेले मेल दाखव म्हणा, नसतील तर चेक फाडू नका.