बिदागी, शिधा, मानधन: गोष्ट सांगणाऱ्याला काय द्यायचं?

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत क्लबहाऊसमध्ये वाढदिवस होता, सहा वर्षांच्या मुलीचा, केक कापायच्या आधी मी चाळीस मिनिटं गोष्ट सांगितली आणि नंतर पाकीट हातात देताना तिचे बाबा अगदी मनापासून म्हणाले, मॅडम, हे स्टोरीटेलिंगचं नवीन फील्ड छान निघालंय हां. माणूस चांगला होता, गोष्ट चालू असताना फोन बाजूला ठेवून बसला होता, त्यामुळे तिथे काही बोलले नाही. पण परत येताना माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसल्याबसल्या तेच डोक्यात फिरत राहिलं, की यातलं काहीच नवीन नाहीये, गोष्ट सांगायला घरी बोलावणं पण नाही आणि जाताना हातावर काही ठेवणं पण नाही. ठाण्यात, नवी मुंबईत शाळांमध्ये, फेस्टिव्हलला, बड्डेला गोष्टी सांगत फिरणारे आम्ही जे आहोत, आम्हाला सगळ्यात जास्त एकच वाक्य ऐकायला मिळतं, "गोष्टच तर सांगायचीय, त्याचे पैसे?" आणि हे वाक्य काल-परवाचं नाहीये, त्याला भलीमोठी पार्श्वभूमी आहे, ती माहीत असली की राग येत नाही, आपण कुठे उभे आहोत ते कळतं, म्हणून लिहितेय.

आपल्याकडचा सगळ्यात जुना गोष्टीवाला म्हणून ज्याचं नाव घेतात तो गुणाढ्य, प्रतिष्ठानचा म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजाच्या दरबारातला. त्याची बृहत्कथा 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेतली, ती आज शिल्लक नाही, पण काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागर लिहिला त्यात गुणाढ्याची हकीगत येते. सात लाख श्लोकांच्या गोष्टी त्याने राजाकडे पाठवल्या, राजाने त्या भाषेला नाक मुरडून परत पाठवल्या. मग गुणाढ्याने डोंगरावर आग पेटवली आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकायला लागला, भोवती रानातले प्राणी गोळा झाले, चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. इकडे राजाच्या ताटात वाळलेलं मांस यायला लागलं, चौकशी केली तेव्हा कारण कळलं, राजा धावत आला तोपर्यंत सहा लाख जळून एक लाख उरलेले. दंतकथाच आहे, पण गोष्टी सांगणाऱ्यांनीच ती पिढ्यान्पिढ्या जपली, आणि तिच्यात राजाकडून काही मिळालं नाही आणि ऐकणाऱ्यांनी मात्र खाणं सोडलं हे दोन्ही एकत्र आहे.

याच्या बरोब्बर उलटं आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत सापडतं. आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणीला कहाणी सांगायचीय आणि ऐकायला कोणी उपाशी माणूस हवाय, तर ती सहा मोती घेते, तीन ऐकणाऱ्याला देते आणि तीन स्वतःकडे ठेवते, मग मनोभावे सांगते आणि तो चित्तभावे ऐकतो. म्हणजे इथे सांगणाराच ऐकणाऱ्याला देतोय! माझी आजी ही कहाणी सांगताना आमच्या मुठीत अक्षता द्यायची आणि मूठ उघडायची नाही म्हणायची, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होईपर्यंत तांदूळ घामाने ओले व्हायचे. मी अजून हे वापरते, केजीच्या मुलांच्या मुठीत चार-चार दाणे तांदळाचे देते, मुठी आवळलेल्या असल्या की पोरं हलत नाहीत, कुठल्याही प्रॉप्सपेक्षा हे चालतं.

बाहेर फिरून सांगणाऱ्यांचं गणित वेगळं होतं. वासुदेव सकाळी मोरपिसांची टोपी घालून दारात यायचा, दान पावलं म्हणायचा, सुपातनं धान्य घेऊन पुढे जायचा. गोंधळी लग्नानंतर देवीच्या नावाने रात्रभर आख्यान लावायचे, संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी, आणि यजमानाच्या घरून शिधा नि दक्षिणा. कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर चित्रकथी, एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या गोष्टी गाऊन सांगणारे, त्यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. संस्थान गेल्यावर ही कला जवळजवळ संपत आली होती, मोजक्या घराण्यांनी धरून ठेवली, आणि २०२१ साली तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, कोणी रेट विचारत नव्हतं, कारण कोणाकडून काय घ्यायचं हे गावाने आधीच ठरवलेलं होतं, आणि तो माणूस त्याचा हक्क म्हणून घ्यायचा, भीक म्हणून नाही.

भांडण खरं झालं ते कीर्तनात, आणि मला वाटतं आजच्या त्या वाक्याचं मूळ तिथे आहे. तुकाराम महाराजांचा अभंग आहे, "जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें". पुढे कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बरोबरच्या घोड्याबैलाला दाणा-वैरणसुद्धा मागू नये, आणि शेवटी "तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती". सतराव्या शतकातलं हे, आणि एवढं कडक लिहावं लागलं म्हणजे तेव्हा घेणारे-देणारे भरपूर असणार! दुसरीकडे नारदीय परंपरेतले हरिदास, त्यांचं घर कीर्तनावर चालायचं, ते बिदागी घ्यायचे आणि त्यात कोणाला गैर वाटायचं नाही. पूर्वरंगात अभंग नि निरूपण, मध्ये नामाचा गजर, बुवांना हार, बुक्का, मग उत्तररंगात आख्यान म्हणजे खरी गोष्ट, शेवटी आरतीचं ताट फिरायचं त्यात नाणी खळखळायची. लहानपणी ठाण्यात रामनवमीच्या उत्सवात मी तेवढ्या उत्तररंगासाठी जागी राहायचे. गोष्ट सांगणारा नारदाच्या गादीवर उभा म्हणून मोठमोठी माणसं वाकून नमस्कार करायची, आणि त्याच माणसाला बिदागी किती द्यायची यावर नंतर ट्रस्टी कुजबुजत असायचे, हे दोन्ही मी पाहिलंय.

मग येतात साने गुरुजी. श्यामची आई त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि तिला धडे नाहीत, रात्री आहेत, रात्र पहिली, रात्र दुसरी, कारण ते सगळं आश्रमात बसून सांगितलेलं आहे अशीच मांडणी आहे. ११ जून १९५० ला गुरुजी गेले, त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली, शाळाशाळांमधून शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी मुलांना गोष्टी सांगायच्या. गुरुजींची ओळ सगळ्यांना पाठ आहे, "करी मनोरंजन जो मुलांचे, जडेल नाते प्रभुशी तयाचे". आज जे पन्नाशी-साठीत आहेत त्यातल्या कितीतरी जणांनी पहिली नीट सांगितलेली गोष्ट कथामालेतच ऐकली, मी पण त्यातलीच, ते ऋण मोठं आहे. पण याचा एक परिणाम असाही झाला की मराठी शाळांच्या डोक्यात पक्कं बसलं, मुलांना गोष्ट सांगणं ही सेवा. कथामालेतले गुरुजी-बाई पगारी शिक्षक होते, गोष्ट हे त्यांचं वरचं काम होतं, त्यांना ते परवडत होतं. ज्याचं पोट फक्त गोष्टीवर आहे असा माणूस त्या चित्रात कुठेच नव्हता. एका शाळेने मला १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला बोलावलं, लागोपाठ तीन बॅच घेतल्या, आवाज बसला, शेवटी गुलाबाचं फूल आणि सर्टिफिकेट. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की हेच द्यायचं असतं.

याच्याच शेजारी दुसरी एक वाट होती आणि ती आपल्या जिल्ह्यातून गेलीय हे ठाण्यात फार कमी लोकांना माहीत असतं. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, गोष्ट हे मुलाला शाळेशी जोडायचं पहिलं साधन मानलं, गोष्ट कशी सांगावी यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ सोबत, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आता ते पालघर जिल्ह्यात येतं पण २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्हाच होता. बालवाडीत पोरं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी ती हीच, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. गाणी, गोष्टी, शंख-शिंपले, बिया, पानं हेच सामान. इथे गोष्ट हे शिक्षकाचं रोजचं काम होतं, वरचं नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणात गोष्टीतून शिकवण्याचा उल्लेख आला तेव्हा सगळ्या शाळा वर्कशॉप शोधायला लागल्या, मला पण चार फोन आले, पण कोसबाडला ते कधीचं करून झालं होतं.

मोठ्यांसाठी तिकीट लावून गोष्ट सांगायची सवय लावली ती शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने, नंतर व. पु. काळे. ठाण्यात गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उघडलं, वाशीला भावे नाट्यगृह आलं, आणि मराठी माणूस पैसे देऊन खुर्चीत बसून नुसती गोष्ट ऐकायला यायला लागला. मुलांच्या वाट्याला मात्र हे तिकीट आलं नाही, त्यांच्यासाठी दूरदर्शनवर किलबिल होतं आणि ते फुकट होतं.

म्हणून आता सोसायटीतल्या बड्डेला जे पाकीट मिळतं त्याचं मला महत्त्व वाटतं. हे पाकीट शाळांमुळे नाही, इंग्रजी मीडियमच्या मुलांना मराठी कानावर पडावं असं वाटणाऱ्या आईबाबांमुळे सुरू झालं. आजी गावाला, घर टू बीएचके, मग गोष्ट बाहेरून बोलवायची. आधी जादूगार बोलवायचे, टॅटूवाला बोलवायचे, आता त्या यादीत आम्ही.

नवी मुंबईत तर मला नेहमी वाटतं की आपण उशिरा आलोय. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची, त्याआधी इथे आगरी-कोळ्यांची गावं होती, ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर बसलं, आणि त्या गावांमध्ये धवलारीण अजून आहे. लग्नाच्या प्रत्येक विधीला ती धवला म्हणजे लग्नातलं पारंपरिक गाणं गाते, त्यात देवांच्या गोष्टी, नवरा-नवरीच्या गोष्टी, सगळं तोंडपाठ, कागद नाही. तिकडे वारल्यांत धवलेरी, ती गायल्याशिवाय लग्न लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी घणसोलीला मैत्रिणीच्या घरी हळदीला गेले होते. धवलारीण सत्तरीच्या पुढची, नाकात नथ, मांडीवर हात ठेवून बसलेली. मैत्रिणीने ओळख करून दिली, ही पण गोष्टी सांगते, शाळेत वगैरे. आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय देतान गो तुला?" मी आकडा सांगितला, जरा लाजतच. त्यांनी मान हलवली, बरं म्हणाल्या. मंडपात बायका जमल्या, डीजेवाल्याला थांबवलं, सगळे म्हणाले आजी घ्या आता. आजी गप्प. मैत्रिणीची काकू धावत आत गेली, ताट घेऊन आली, तांदूळ, नारळ, विडा, लुगडं, वर शंभराच्या दोन नोटा. आजींनी नारळ हातात घेऊन कानाशी हलवून बघितला, पाणी आहे का ते, ताट डाव्या बाजूला सरकवलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पहिली ओळ उचलली.