फूसबॉलचा दांडा आणि मनगटाचं गणित

‘जड दांडे काढ, पोकळ दांडे बसव, शॉट दुप्पट वेगाने जाईल.’ घरचं स्वस्त फूसबॉल टेबल (दांड्यांवर बसवलेल्या छोट्या खेळाडू-बाहुल्यांनी खेळायचं टेबल फुटबॉल) सुधारायला निघालेल्या माणसाला हा सल्ला कुठे ना कुठे मिळतोच. त्याच्या जोडीला दुसराही मिळतो: ‘खेळाडू जड बसव, फटका जोरात बसेल.’ दोन्ही सल्ले ऐकायला पटतात. पहिला अर्धाच खरा आहे, दुसरा चुकीचा. पहिल्यातलं अर्धं सत्य नेमकं कुठे आहे, हे कळलं की जुनं टेबल दुरुस्त करावं की नवं घ्यावं, याचंही उत्तर बरंचसं मिळतं. म्हणून आज दांड्याविषयी सविस्तर लिहितो.

टेबल फुटबॉलचं ब्रिटिश पेटंट हॅरॉल्ड सर्ल्स थॉर्नटन यांना १९२३ साली मिळालं. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही: एक पेटी, तिच्यात आडवे दांडे, दांड्यांवर खेळाडू. आज बहुतेक टेबलांवर आठ दांडे असतात आणि मैदान साधारण १२० बाय ७० सेंटिमीटरचं असतं. स्वस्त आणि स्पर्धेच्या टेबलांत फरक असतो तो पेटीत आणि दांड्यांत. स्वस्त टेबलात दांडा बहुधा १२.७ मिलिमीटर जाडीचा असतो, भिंती आणि मैदान पातळ एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं) आणि एकूण वजन तीस-चाळीस किलोच्या आसपास. स्पर्धेच्या टेबलात दांडा १६ मिलिमीटरच्या आसपास, भिंती स्वस्त टेबलाच्या दुप्पट-तिप्पट जाड आणि वजन बहुधा शंभर किलोच्या वर.

आता दांडा. त्याला दोन वेगळी कामं असतात: आत-बाहेर सरकणं आणि स्वतःभोवती फिरणं. पास द्यायला, बचाव करायला, शॉटची जागा शोधायला तो सरकतो. फटका मात्र फिरण्यातून निघतो. सरकवताना आड येतं ते वस्तुमान. फिरवताना आड येतं ते जडत्व आघूर्ण, म्हणजे प्रत्येक कणाचं वस्तुमान गुणिले आसापासूनच्या अंतराचा वर्ग, अशी सगळी बेरीज. त्या ‘वर्गा’तच सगळी गंमत आहे. आसापासून दुप्पट अंतरावरचा ग्रॅमभर ऐवज फिरवायला चौपट जड जातो.

आकडे घालून बघू. १२० सेंटिमीटर लांबीचा, १६ मिलिमीटर जाडीचा भरीव पोलादी दांडा साधारण १.९ किलोचा भरतो. तोच पोकळ घेतला, नळीची भिंत अडीच मिलिमीटरची धरली, तर वजन उतरतं एक किलोवर. वजन जवळपास निम्मं झालं, तेव्हा सरकवायला तो नक्कीच हलका. आता फिरवण्याचं पाहू. भरीव दांड्याचं जडत्व आघूर्ण येतं सुमारे ६०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर, पोकळ दांड्याचं ४७०. कारण पोकळ करताना आपण आसाजवळचं पोलाद काढलं, आणि त्याचा फिरण्याला तसाही फारसा अडथळा नव्हता.

आणि दांडा एकटा फिरत नाही, खेळाडूही फिरतात. खेळाडूचा दांड्याखालचा भाग ३० ग्रॅमचा आणि सरासरी ४ सेंटिमीटर अंतरावर धरला, तर एकेकाचा वाटा ३० गुणिले १६, म्हणजे ४८० होतो. तीन खेळाडूंच्या दांड्यावर हा वाटा १४४०. म्हणजे एकूण जडत्व भरीव दांड्याला २०४० आणि पोकळ दांड्याला १९१०. फरक सहा-सात टक्क्यांचा! एका खेळाडूचा पाय एकट्या पोकळ दांड्याइतका फिरण्यात आडवा येतो. पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. १२.७ मिलिमीटरचा भरीव दांडा काढून १६ मिलिमीटरचा पोकळ बसवला, तर दांडा वजनाला हलका होतो (१.२ किलोवरून १ किलोवर), पण एकटा दांडा फिरवायला जवळपास दुप्पट जड होतो, खेळाडूंसकट सुमारे चौदा टक्के. कारण तेच पोलाद आता आसापासून दूर गेलेलं असतं. शॉट दुप्पट वेगाने जाणं तर सोडाच, नुसत्या मनगटाच्या फटक्यात या बदलाने वेग वाढायचं काहीच कारण नाही.

मग दुसऱ्या सल्ल्याचं काय? जड खेळाडूंनी फटका जोरात बसेल का? इथे थोडं बीजगणित लागेल. खेळाडूचं पाऊल चेंडूवर आदळतं तेव्हा चेंडूच्या दृष्टीने त्या पावलाचं एक प्रभावी वस्तुमान असतं: एकूण जडत्व आघूर्ण भागिले पावलाच्या अंतराचा वर्ग. पाऊल आसापासून ७ सेंटिमीटरवर असेल, तर १९१० भागिले ४९, म्हणजे ३९ ग्रॅम. चेंडू २५ ग्रॅमचा धरू. टकरीचे नियम सांगतात की चेंडूचा वेग पावलाच्या वेगाला ३९/(३९+२५), म्हणजे ०.६१ ने गुणून मिळतो. त्याला उसळीचा एक गुणकही लागतो, पण तो दोन्ही हिशेबांत सारखाच असल्याने बाजूला ठेवू. आता खेळाडूंचं वजन दुप्पट केलं. प्रभावी वस्तुमान ६८ ग्रॅम होतं आणि तो गुणक ०.७३ होतो. वाढला की!

पण मनगट तेच आहे. एका झटक्यात ते जेवढी ऊर्जा देतं तेवढीच आता जास्त जडत्वाला फिरवणार. गतिज ऊर्जा निम्मं जडत्व गुणिले कोनीय वेगाचा वर्ग अशी असल्याने कोनीय वेग मूळच्या ०.७५ पटीवर येतो. ०.७३ गुणिले ०.७५ म्हणजे ०.५५. आधी होते ०.६१. चेंडू नऊ-दहा टक्के हळू गेला. हेच सूत्र थोडं पुढे नेलं, तर ठरावीक ऊर्जेत चेंडूला जास्तीत जास्त वेग मिळतो तो पावलाचं प्रभावी वस्तुमान चेंडूच्या वस्तुमानाइतकं असताना, असं दिसतं. आपण आधीच त्याच्या वर आहोत. मूठ आणि हात यांचं जडत्व धरलं तर आणखी वर. तेव्हा खेळाडूंवर वजन चढवणं म्हणजे उलट दिशेने चालणं.

महागड्या टेबलांवरच्या काही खेळाडूंच्या डोक्यात मुद्दाम जास्त वजन असतं, हे खरं. ते फटक्यासाठी नसतं. डोकं आणि पाय तोलले गेले की दांडा सोडला तरी खेळाडू त्याच कोनात राहतो. हात दोन आणि दांडे चार अशी परिस्थिती असताना मागून शॉट मारायचा असेल, तर पुढच्या फळीचे पाय आधीच वर करून ठेवता येतात, मध्ये लोंबकळत नाहीत. ही सोय मोठी आहे, आणि तिच्यासाठी थोडं जडत्व वाढवण्याचा सौदा परवडतो.

इथेच जाहिरातींविषयी एक सांगायला हवं. ‘प्रोफेशनल’, ‘टूर्नामेंट दर्जा’ हे शब्द खोक्यावर कुणीही छापू शकतं. त्यावरून दांड्याचा बाहेरचा व्यास कळत नाही, नळीच्या भिंतीची जाडी कळत नाही, मैदानाची जाडी कळत नाही. हे तीन आकडे दिलेले नसतील तर त्या शब्दांना काही अर्थ नाही.

पोकळ दांड्याचा खरा फायदा ताठपणात आहे. दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १२.७ मिलिमीटरच्या भरीव दांड्याला चौथ्या घाताने मिळतात सुमारे २६,०००. १६ मिलिमीटरच्या आपल्या नळीत बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्या पोकळीचा वजा केला की उरतात सुमारे ५१,०००. वजन कमी, ताठपणा जवळपास दुप्पट. चेंडू पायाखाली दाबून धरताना दांड्याच्या मध्यावर पाच किलोचा भार आला, तर ७० सेंटिमीटरच्या टप्प्यात पहिला सुमारे १.४ मिलिमीटर वाकतो, दुसरा ०.७. खेळाडूच्या पायाखाली जागाच काही मिलिमीटरची असते, त्यामुळे हा फरक हाताला कळतो. कितीही दाबलं तरी चेंडू निसटतोच, ही स्वस्त टेबलावरची तक्रार काही अंशी इथून येते.

मग दांडे बदलावेत का? इथेच सुधारणेची साखळी अंगावर येते. जाड दांड्याला जुने खेळाडू बसत नाहीत, कारण त्यांची भोकं १२.७ ची. बुश (दांडा ज्यातून सरकतो ती भिंतीतली कडी) नवे लागतात, रबरी बंपर नवे, मुठी नव्या. भिंतीतली भोकं मोठी करावी लागतात, आणि समोरासमोरची दोन भोकं एका रेषेत नसली तर दांडा आवळून बसतो. पातळ एमडीएफला मोठं भोक पाडलं की बुशला धरायला लाकूडच कमी उरतं. हे सगळं केल्यावर जुन्या टेबलातलं काय उरतं? पेटी. आणि पेटी हाच त्याचा सर्वांत कमकुवत भाग.

पेटीचा पहिला दोष म्हणजे खचलेलं मैदान. पुस्तकांनी भरलेली फळी वर्षभरात मधोमध वाकते, तसंच हे. जाडी दुप्पट केली की फळीचा ताठपणा आठपट होतो. स्वतःचं वजनही दुप्पट होत असल्याने त्या वजनाने येणारा झोल चौथा हिस्सा राहतो. पण झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, आणि हे आपल्या पथ्यावर पडणारं आहे. मैदानाखाली बरोबर मधोमध एक भक्कम आडवी पट्टी बसवली की टप्पा निम्मा होतो आणि झोल सोळाव्या हिश्शाच्याही खाली येतो. कोणत्याही स्वस्त टेबलासाठी मी सर्वांत आधी हीच दुरुस्ती सुचवेन. एमडीएफ कायमचं वाकलं असेल तर पट्टीखाली पातळ पाचर मारून मैदान हळूहळू वर उचलावं लागतं. दमट हवेत फुगून पापुद्रे सुटलेलं एमडीएफ मात्र परत सरळ होत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. ‘या बाजूने खेळलं की आपण जिंकतोच’ असं मानणारे खेळाडू मी बरेच पाहिले आहेत. कुणी त्या बाजूला शुभ म्हणतं, नाणेफेक जिंकली की तीच मागून घेतं. एकदा टेबलावर स्पिरिट लेव्हल ठेवून बघावी. १२० सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटर उतार म्हणजे जेमतेम अर्धा अंश, डोळ्यांना दिसतही नाही. घर्षण सोडलं तर एवढ्या उतारावर थांबलेला चेंडू दोन सेकंदांत अकरा-बारा सेंटिमीटर घरंगळतो. तो रोज एकाच गोलाकडे घरंगळत असेल, तर त्यात नशिबाचा काही संबंध नाही. पायांखालचे स्क्रू फिरवले की शुभ बाजू नाहीशी होते.

तिसरा दोष वजनाचा. खेळाडूंसकट दीड किलोचा दांडा सेकंदाला दोन मीटरने सरकून भिंतीवर आपटला, तर तीन एकक संवेग (वस्तुमान गुणिले वेग) टेबलाला मिळतो. तीस किलोचं टेबल मोकळं असेल तर सेकंदाला दहा सेंटिमीटरने सरकू पाहतं, १३० किलोचं जेमतेम सव्वादोन सेंटिमीटरने. पायांच्या चौकटीवर अगदी खाली फळी टाकून चाळीसेक किलो वाळूच्या पिशव्या ठेवल्या, तर पहिला आकडा चारवर येतो. वजन खालीच हवं, आणि चौकट ते पेलणारी हवी.

किरकोळ कामं लवकर सांगतो. दांडे कोरड्या फडक्याने पुसून बाहेरच्या भागावर शुद्ध सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत. गंज सोडवायचा स्प्रे मारू नये, त्यावर धूळ चिकटून बुशमध्ये लगदा होतो. खेळाडू दांड्यावर किंचितही हलत असेल तर स्क्रू आवळावा, कारण फटक्याचा पहिला भाग त्या ढिलाईतच वाया जातो. गुळगुळीत कडक चेंडूच्या जागी खडबडीत पृष्ठभागाचा चेंडू घ्यावा. पायाखाली तो घसरत नाही, आणि एवढ्यानेच खेळ बदलल्यासारखा वाटतो. आणि दांडा गरागरा फिरवणं सोडावं. आंतरराष्ट्रीय नियमांत फटक्याआधी किंवा नंतर ३६० अंशांहून जास्त फिरवणं फाउल आहे. शिवाय पाऊल कोणत्या कोनात चेंडूला भेटेल यावर आपला काहीच ताबा राहत नाही.

एवढं करून टेबल खेळण्याजोगं झालं तर तिथेच थांबावं, दांड्यांच्या वाटेला जाऊ नये. ताठ दांडे हवेत असं वाटायला लागलं, तर ते जाड भिंतींच्या पेटीसकटच घ्यावेत. वापरलेलं पण जड टेबल मिळालं तर उत्तम. ते बघायला जाताना लेव्हल आणि सरळ लोखंडी पट्टी बरोबर न्यावी. पट्टी मैदानावर उभी धरून मागून टॉर्च मारावा आणि फट दिसते का ते पाहावं. प्रत्येक दांडा सावकाश एक फेरा फिरवून त्याचा मधला भाग वर-खाली नाचतो का, तेही पाहावं. नाचत असेल तर तो दांडा वाकलेला आहे. एखादाच असा निघाला तर त्याच जाडीचा सुटा दांडा त्या पेटीत बसतो. पट्टीखाली फट दिसली आणि एमडीएफ फुगलेलं असलं, तर दांडे कितीही चांगले असोत, ते टेबल घेऊ नये.