गाबा फक्त दार उघडतो

फिट येते म्हणजे मेंदूतल्या पेशींना गप्प बसवणारं केमिकल कमी पडलं असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण काही पेशंटच्या मेंदूत ते असतं, कामही करतं, फक्त उलटं.

त्याचं नाव गाबा. खरं तर गाबा कुणाला गप्प करत नाही, तो पेशीवरचं क्लोराईडचं दार उघडतो, बस. क्लोराईडवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि मोठ्या माणसात ते पेशीच्या आत कमी नि बाहेर जास्त, म्हणून दार उघडलं की ते आत शिरतं, आतलं व्होल्टेज जे साधारण उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतं ते वर चढत नाही आणि पेशी शांत राहते. पण आत आधीच क्लोराईड तुंबलेलं असेल तर दार उघडताच ते बाहेर पळतं आणि पेशी चेकाळते.

तुंबतं कसं? दोन पंप आहेत, केसीसी२ बाहेर काढतो, एनकेसीसी१ आत भरतो. जन्माआधी नि जन्मानंतर थोडे दिवस भरणाराच जोरात असतो, म्हणून तेव्हा गाबा पेशींना उठवतो, आणि ते नॉर्मल आहे. अपस्मारात, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजारात, मेंदूच्या खराब झालेल्या भागात, म्हणजे जन्मतःच थर चुकीचे बनलेल्या किंवा नंतर इजा झालेल्या जागी, काही पेशींत केसीसी२ कमी होतो आणि जुनी सेटिंग परत येते.

२००२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी अशा पेशंटच्या ऑपरेशनमध्ये काढलेले टेम्पोरल लोबचे, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचे, तुकडे जिवंत ठेवून तपासले. आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या सबिक्युलम नावाच्या भागात आपोआप विजेचे ठोके पडत होते, आणि गाबाचं काम बंद पाडणारं औषध टाकल्यावर ते थांबले! मला तर हे वाचून दोनदा मागे जावं लागलं, कारण निरोगी मेंदूत याच औषधाने फिट येते.

मग भरणारा पंपच बंद करा ना? ते औषध आहे, ब्युमेटानाईड, लघवी जास्त होण्यासाठी वापरतात. तुकड्यांवर त्याने ठोके थांबले. माणसात मात्र ते मेंदूपर्यंत फारसं पोचतच नाही, शिवाय हा पंप कानाच्या आतही असतो, आणि फिट येणाऱ्या नवजात बाळांवरची युरोपातली चाचणी मधेच थांबवावी लागली, फायदा दिसला नाही आणि काही बाळांना ऐकू येईना म्हणून.