गणपतीच्या शाळेतला पोरगा आणि चित्रकार आरा

आमच्याकडे दापोली-हर्णै पट्ट्यात श्रावण लागला की गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, रात्री बारापर्यंत लाईट चालू असते, आणि तिथे डोळ्यांची आखणी करायला जो पोरगा बसतो त्याने बऱ्याचदा चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांपैकी काहीच दिलेलं नसतं. बारीक ब्रश घेतो, श्वास रोखतो आणि एका दमात भुवई ओढतो. पण त्याला चित्रकार कोणी म्हणत नाही. त्याला बघितलं की मला दरवेळी आरा आठवतात.

कृष्णाजी हौलाजी आरा, जन्म १९१४, सिकंदराबादजवळचं बोलारम. आई गेली तेव्हा हे तीन वर्षांचे, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि सातव्या वर्षी पोरगं घरातून पळालं ते थेट मुंबईत. ना ओळख, ना धड भाषा. घरकाम केलं, मोटारी धुतल्या. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपल्या रत्नागिरीतली कितीतरी पोरं बोटीने मुंबईला जाऊन साहेबाच्या नाहीतर शेठच्या घरी रामागडी म्हणून राहिली, प्रत्येक वाडीत असा एक तरी आजोबा निघेल. मिठाच्या सत्याग्रहातही आरा होते. ज्या चळवळीत १९३० साली आपल्या शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच चळवळीत यांनी पाच महिने जेल काढली. बाहेर आल्यावर परत मोटारी धुणं, आणि काम आटोपलं की चित्रं.

जेजेचा, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा नाही, पाठीशी कोणी नाही. पण त्या वेळी मुंबईत युरोप सोडून आलेले काही लोक होते, टाइम्स ऑफ इंडियामध्ये चित्रांवर लिहिणारे रूडी फॉन लायडन, तिथलेच आर्ट डायरेक्टर वॉल्टर लँगहॅमर. लायडननी आरांचं काम बघितलं आणि त्यांना पुढे आणलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाने बाहेरून आलेल्या पोराचा हात ओळखला, इथल्या जाणकारांच्या आधी. १९४४ ला गव्हर्नरचं प्राइझ मिळालं आणि १९५२ ला 'टू जग्ज' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं गोल्ड मेडल.

काय रंगवायचे? फुलदाणी, फळं, भांडीकुंडी, नंतर न्यूड्स. विषय साधेच, पण जवळ जाऊन बघा. वॉटरकलर म्हटलं की आपल्याला पाणीदार, पातळ रंग आठवतो, आणि हा माणूस तोच रंग इतका जाड चढवतो की ऑइल वाटावं, फुलाची पाकळी एकाच फटकाऱ्यात, ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला तेही कळतं. पाकळी मोजूनमापून काढलेली नाही पण फूल एकदम ताजं. असा हात क्लासमध्ये मार्कांसाठी काढून काढून येत नाही असं माझं ठाम मत आहे.

१९४७ ला मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या वळणाच्या चित्रकारांचा गट सुरू झाला, त्यात सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा. सूझा गोव्याच्या साळगावचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे. ग्रुप फार टिकला नाही, सूझा १९४९ ला लंडनला गेले, रझा १९५० ला पॅरिसला, बाकरे १९५१ ला लंडनला. आरा मात्र मुंबईतच राहिले. काळ्या घोड्याला रॅम्पार्ट रोवर आर्टिस्ट्स सेंटर होतं, तिथलं काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, नवीन पोरांची प्रदर्शनं लागावीत म्हणून झटले. ज्याला स्वतःला कोणी भिंत दिली नव्हती त्याने दुसऱ्यांसाठी भिंती मिळवल्या, आणि त्यांच्या चित्रांइतकंच हे काम मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. १९८५ साली मुंबईतच ते गेले.

आणि बाकरे? मूळ शिल्पकार, शिकलेले जेजेत, पण लंडनला गेल्यावर रंगांकडे वळले, तिथे पेंटर म्हणून नाव झालं, आणि १९७५ ला परत आले ते राहायला कुठे, तर आमच्या मुरूड-हर्णैला. २००७ ला ते वारले, तोवर त्यांचा मुक्काम इकडेच. गणपतीच्या शाळेतल्या त्या पोराला मी विचारलं, बाकरे माहितीयत का रे? नाही म्हणाला. मग मोबाईलवर आधी बाकरेंची आणि मग आरांची चित्रं दाखवली. आरांच्या फुलदाणीशी थांबला, झूम करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, दादा, हा रंग पाण्यातलाच आहे ना?