ओमा अणुवीज प्रकल्प

ओमा हा जपानच्या आओमोरी प्रांतात, होन्शू बेटाच्या पार उत्तर टोकाला अर्धवट बांधून पडलेला अणुवीज प्रकल्प. मालक जे-पॉवर कंपनी, भट्टी (रिॲक्टर) एकच, सुधारित उकळत्या पाण्याची, क्षमता १३८३ मेगावॉट. गाव तसं ट्यूना माशासाठी फेमस. पण या प्रकल्पाचं नाव होतं ते इंधनामुळे. वापरलेल्या इंधनातून काढलेलं प्लुटोनियम युरेनियममध्ये मिसळून केलेलं मॉक्स इंधन बाकीच्या भट्ट्यांत साधारण एक तृतीयांशापर्यंत घालतात, इथे मात्र सुरुवात तेवढ्यावर करून पुढे सगळा गाभाच, म्हणजे भट्टीतलं सगळं इंधनच, मॉक्सचं करायचा बेत आहे. 'जगातली पहिली' असं सर्रास लिहितात, ते साध्या पाण्याच्या व्यावसायिक भट्ट्यांपुरतंच धरावं, कारण रशियाची बीएन-८०० ही वेगवान (न्यूट्रॉन मंद न करता चालणारी) भट्टी २०२२ मध्येच पूर्ण मॉक्सवर गेलीय.

प्रकल्प नक्की कधीचा यावर एकमत नाही. कोणी १९७६ धरतं, तेव्हा गावच्या व्यापारी मंडळाने पाहणीची मागणी केली होती, कोणी १९८४, म्हणजे नगरपरिषदेने प्रकल्प गावात यावा असा ठराव केला ते साल. पण तेव्हा इथे भलतीच भट्टी यायची होती: न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणी वापरणारी, ६०६ मेगावॉटची, त्सुरुगाच्या फुगेन या प्रायोगिक भट्टीची मोठी बहीण. फुगेन १६५ मेगावॉटची, तिने बंद होईपर्यंत (२००३) मॉक्सच्या इंधनकांड्यांचे ७७२ जुडगे वापरले, म्हणजे अनुभव होता. पण वीज महाग पडणार म्हणून १९९५ मध्ये वीज कंपन्यांनीच हात वर केले आणि त्याच वर्षी पूर्ण मॉक्सची आताची योजना पुढे आली. त्यामुळे आताच्या भट्टीपुरतं १९९५ धरणंच जास्त पटतं. एका जमीनमालकिणीने शेवटपर्यंत जमीन विकली नाही, तर भट्टीची जागाच सरकवावी लागली. बांधकाम मे २००८ मध्ये सुरू झालं.

मॉक्स घातलं की भट्टीचा स्वभाव बदलतो. प्लुटोनियम मंद न्यूट्रॉन जास्त गिळतं, म्हणून कंट्रोल रॉडचा (न्यूट्रॉन शोषून भट्टी आवरणाऱ्या दांड्यांचा) जोर थोडा कमी पडतो, शिवाय ज्यांच्यामुळे भट्टी ताब्यात ठेवता येते ते उशिरा सुटणारे न्यूट्रॉन युरेनियम-२३५ मध्ये ०.६५ टक्के तर प्लुटोनियम-२३९ मध्ये जेमतेम ०.२१, म्हणजे सावरायला वेळ कमी. म्हणून ओमाच्या डिझाइनमध्ये आणीबाणीला सोडायच्या, न्यूट्रॉन शोषणाऱ्या बोरॉनच्या द्रावणाची आणि वाफेच्या सेफ्टी व्हॉल्व्हची क्षमता वाढवलीय.

एवढा खटाटोप कशाला, तर जपानकडे सुमारे ४५ टन प्लुटोनियम साठलंय, बहुतेक ब्रिटन-फ्रान्समध्ये, आणि ते खपवायला मोठं गिऱ्हाईक हवंय. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचं, त्याच प्रांतातलं रोक्काशोचं पुनर्प्रक्रिया केंद्र १९९३ पासून बांधतायत आणि तारीख पुढेच जातेय.

मार्च २०११ च्या भूकंपानंतर ओमाचं काम थांबलं तेव्हा सुमारे ३८ टक्के झालं होतं. २०१२ मध्ये पुन्हा सुरू झालं, २०१४ च्या शेवटी सुरक्षा तपासणीसाठी अर्ज गेला आणि तेव्हापासून चालू करायची तारीख सारखी ढकलली जातेय. समुद्रापलीकडचं हाकोदाते शहर जवळच्या टोकाला २३ किलोमीटरवर, म्हणजे फुकुशिमानंतर आणीबाणीच्या तयारीसाठी ठरलेल्या ३० किलोमीटरच्या पट्ट्यात, पण परवानगीसाठी त्याला कोणी विचारत नाही, म्हणून एप्रिल २०१४ मध्ये शहरानेच सरकार आणि कंपनीवर टोकियोत खटला भरला. नगरपालिकेने अणुप्रकल्पावरून सरकारला असं कोर्टात खेचल्याची ही जपानातली पहिलीच केस मानतात.

आपल्याकडे तारापूरच्या जुन्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत १९९० च्या दशकात मॉक्सचे मोजकेच जुडगे घालून पाहिले होते, पूर्ण गाभ्याचा विषय तिथे नव्हता.