गेटवर पैसे मागितले तर काय करायचं?
आमच्या आयातदार-निर्यातदार ग्राहकांसाठी

"देऊन टाका हो पाचशे रुपये, एवढ्यासाठी कंटेनर कशाला अडकवता?" असा फोन आम्हा कस्टम्स ब्रोकरांना, म्हणजे कस्टम्समधून तुमचा माल सोडवून देणाऱ्यांना, वारंवार येतो. द्राक्षांच्या हंगामात तर रात्री अकरालाही येतो. न्हावा शेवा बंदरात रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर रांगेत उभा असतो, कट-ऑफ, म्हणजे माल आत घ्यायची शेवटची वेळ, जवळ आलेली असते आणि तिकडे नाशिकला मालकाचा जीव टांगणीला लागलेला असतो. तुमची घाई आम्हाला कळते. तरी आमचं उत्तर "नाही" असंच असतं. ते का, आणि पैसे देण्याऐवजी काय करायचं, हे एकदा नीट लिहून देत आहोत.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून सरकारी नोकराला लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सुटकेची एक वाट आहे: सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवायचं. आम्हाला सांगितलं म्हणजे कळवलं, असं होत नाही.

आता सगळ्यात जास्त नडणारी चूक. ग्राहक आमच्याकडे येतात ते महिनाअखेरीला, हिशेब जुळत नाही तेव्हा. ड्रायव्हरच्या खर्चात आठशे रुपये जास्त दिसतात, विचारलं की तो म्हणतो, "तिकडे द्यावे लागले." कुठे, कोणाला, कोणत्या ट्रिपला, हे त्यालाही आठवत नाही. सात दिवस केव्हाच उलटलेले असतात. मग तक्रार लिहिली जाते, "बंदरावर सगळे खातात." अशा कागदावर कोणताही अधिकारी चौकशी करू शकत नाही, मनापासून करायची असली तरीही. फाइल बंद होते आणि ग्राहक म्हणतो, तक्रार करून काही होत नाही.

होतं. आमच्या एका ग्राहकाच्या ड्रायव्हरने एकदा वजनाच्या पावतीमागे पेनाने एवढंच लिहिलं होतं: कंटेनर नंबर, "रात्री ९.४०, दोन नंबर गेट, डावी खिडकी, ३०० मागितले, पावती नाही म्हणाला." आम्ही तोच मजकूर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सीएफएसच्या (बंदराबाहेरच्या कंटेनर ठेवायच्या आवाराच्या) व्यवस्थापकाला मेल केला. वेळ आणि खिडकी नेमकी असल्यामुळे त्यांना कॅमेऱ्याचं चित्रण काढता आलं. त्या खिडकीवरचा माणूस बदलला. चार ओळींचं काम होतं, पण त्याच रात्रीचं होतं.

तक्रार कुठे करायची, हे पैसे कोणी मागितले यावर ठरतं. खासगी सीएफएसचा माणूस असेल तर आधी त्यांचं व्यवस्थापन आणि मग कस्टम्स, कारण सीएफएस कस्टम्सच्या मान्यतेवरच चालतं. रस्त्यावर राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४. केंद्र सरकारचा कर्मचारी असेल तर त्या कार्यालयाचा दक्षता विभाग, केंद्रीय दक्षता आयोग किंवा सीबीआय. पैसे कोणी मागितले नाहीत, नुसतंच काम रेंगाळलंय, तर केंद्राचं सीपीग्राम्स हे तक्रार निवारणाचं पोर्टल आहे. तिथे निकालासाठी २१ दिवसांची मुदत ठरवलेली आहे. उशिराची तक्रार आणि लाचेची तक्रार एकाच अर्जात कालवू नका, दोन्ही लटकतात.

"आमचं नाव फुटेल, पुढच्या कंटेनरला त्रास होईल," ही भीती खोटी नाही. पण केंद्रीय दक्षता आयोग निनावी तक्रारीवर कारवाई करत नाही. नाव गुप्त ठेवून तक्रार करायची तर २००४ च्या जनहित प्रकटीकरण ठरावाची सोय आहे: नाव-पत्ता आतल्या पत्रात लिहायचा, पाकिटावर नाही, आणि पाकिटावर ही तक्रार त्या ठरावाखालची आहे असं लिहायचं. नाव गुप्त ठेवलं जातं. शिवाय फेसलेस असेसमेंट (समोरासमोर न येता होणारी कागदांची तपासणी) आल्यापासून तुमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं घोषणापत्र, दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासत असतो. प्रत्यक्ष माल तपासताना मात्र समोरासमोर गाठ पडते, ते आम्ही लपवत नाही.

जहाज कंपन्यांनी २०११ पासून आपलं भ्रष्टाचारविरोधी नेटवर्क चालवलं आहे. कोणत्या बंदरात काय मागितलं, हे तिथे नाव न देता नोंदवता येतं. त्यांची मोहीम २०१९ मध्ये मुंबई आणि न्हावा शेवा इथेही झाली. आम्ही त्यातून एक गोष्ट उचलली: एकेकट्या तक्रारीत जे दिसत नाही ते वीस नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं. म्हणून पैसे दिले नसले, नुसते मागितले असले, तरी आम्हाला कळवा. आम्ही प्रत्येक ग्राहकाची नोंद जपून ठेवतो, त्याचे पैसे घेत नाही.

एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्या. जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरलं नाही, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. ही लाच नव्हे, सरकारी आकार आहे, त्याची पावती मिळते. कागद आमच्याकडे वेळेत आले तर तो लागतही नाही. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जुळत नसताना माल थांबला, तर त्यात कोणाचा डाव नसतो.

आमच्या बिलात "संड्री" (किरकोळ खर्च) नावाची ओळ नाही, हे पुष्कळांना खटकतं. आमची फी चार पैसे जास्त वाटते. दोन बिलं शेजारी ठेवून बेरीज करून पाहा. कस्टम्स ब्रोकरच्या २०१८ च्या नियमांनुसार अधिकाऱ्याला आमिष दाखवायलाही आम्हाला मनाई आहे आणि खोटा आरोप करायलाही. लायसन्स गेलं तर तुमचा माल सोडवणार कोण? म्हणूनच तपशील नसलेली तक्रार आम्ही पुढे पाठवत नाही.

यापुढे प्रत्येक कंटेनरच्या कागदांसोबत आम्ही अर्ध्या पानाचा एक कोरा फॉर्म देणार आहोत: कंटेनर नंबर, जागा, वेळ, किती मागितले, कशासाठी, पावती देणार होते का. ड्रायव्हरने भरून फोटो पाठवला की पुढचं आम्ही पाहू. रात्री पाठवला तरी चालेल. ड्रायव्हरच्या हातात कागदांचं पाकीट देताना हा कागद सगळ्यात वर ठेवा आणि सोबत एक पेन द्या.